लुगड्याच्या घडीतला कागद

अकराव्यांदा गेले आणि मग उठता आलं नाही. संडासाच्या भिंतीला धरून उभी राहायला गेले तर पाय चालेनात, आणि मी तिथंच दाराच्या आत कुशीवर पडले. खाली पाहिलं तर रक्त होतं. आदल्या दिवशी धाग्याएवढं दिसलं होतं, तेव्हा मी वरून पाणी टाकून मोकळी झाले होते. या वेळी तांब्या उचलायची ताकद नव्हती.

धानाच्या रोवणीचे दिवस. मुलगा, सून, मजूर बाया, सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात. घरात मी एकटी. हाक मारली नाही, कारण ऐकायला कोणी नव्हतं. फरशी गार होती, तिच्यावर गाल टेकवून पडून राहिले. मरण आलंच तर संडासात येऊ नये, लोकांना उचलायला अडचण होते, एवढंच डोक्यात आलं.

सापडले ती माझ्या जावेला. माझ्या दिराची बायको. आमचं एकच अंगण आणि दोन चुली. चुली वेगळ्या झाल्याला वीस-बावीस वर्षं झाली असतील. त्या अंगणातून आम्ही एकमेकींना जितकं बोललो तितकं दुसऱ्या कोणाला बोललो नसू. ती बायांचं जेवण न्यायला बांधीतून घरी आली होती. माझं दार सताड उघडं आणि आत कोंबड्या शिरलेल्या पाहून ती आत आली.

तिनं मला बगलेत धरून बाहेर ओढलं, मोरीवर बसवलं आणि धुतलं. पूर्ण धुतलं, लहान पोराला धुवावं तसं. एक शब्द बोलली नाही. ती गप्प राहिली की मला भीती वाटते. मग माझ्या पेटीतून कोरडं लुगडं आणायला गेली. पेटी उघडू नको असं म्हणावंसं वाटलं, पण कारण काय सांगणार? लुगड्याच्या घडीत कागद होता.

तो हातात घेऊनच ती परत आली. तिला वाचता येत नाही. पण दवाखान्याचा शिक्का तिला ओळखता येतो.

"हे काय होय?"

"दवाखान्याचा कागद."

"मग लुगड्यात कायले ठेवला?"

मी लुगड्यासाठी हात पुढं केला. तिनं कागदच हातात दिला.

"वाचा," ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली आहे. ओल्या अंगानं मोरीवर बसून मी तो कागद शाळेत धडा वाचावा तसा वाचला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा पातळ संडास झाल्यास किंवा रक्त पडल्यास त्याच दिवशी खालील नंबरवर फोन करावा. घरगुती उपाय करू नये. वाट पाहू नये.

"आज किती वेळा गेल्या?"

"अकरा."

"कवापासून?"

"सहा दिवस झाले."

ती माझ्यासमोर उकिडवी बसली. तिच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता. "सहा दिवस माह्या वास्त्याच्या नावानं बोंबलून राहिल्या बाई तुमी. गावभर सांगतलं. अन हा कागद पेटीत."

वास्ते म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. पावसाळ्यात आमच्याकडे त्यांची भाजी होते. नीट भिजवून पाणी फेकलं नाही तर पोट बिघडतं, हे सगळ्यांना माहीत आहे. तिनं वाटीभर भाजी माझ्याकडे दिली होती. मी दोन घास खाल्ले होते, उरलेली म्हशीला टाकली होती. पण विचारणाऱ्या प्रत्येकाला मी सांगितलं होतं की जावेच्या वास्त्यानं माझं पोट गेलं. सुनेनं बेलाचा गर दिला, मुलानं मेडिकलमधून गोळ्या आणल्या. कोणाला शंका आली नाही. वास्ते हे कारण असं आहे की आमच्या गावात त्याच्यापुढं कोणी विचारत नाही.

"नंबर सांगा," जाऊ म्हणाली.

मी एकेक आकडा वाचला आणि तिनं तिच्या फोनवर तो दाबला.

आता हा कागद कशाच्या औषधाचा ते सांगते.

माझ्या डाव्या टाचेला काळा डाग होता. आम्ही बांधीत अनवाणीच उतरतो, चिखलात चप्पल राहत नाही. काटा रुतणं रोजचंच. काटा निघाला नाही तर बिब्बा तापवून त्याचं तेल त्या जागी लावायचं, म्हणजे काटा आत कुजत नाही. बिब्ब्याचा डाग काळाच पडतो. माझ्या टाचेवर असे किती डाग आले आणि गेले. हा गेला नाही. मी वर आणखी बिब्बा लावला. दोन वर्षं मी बिब्ब्याच्या डागाला बिब्बा लावत होते. तो डाग पसरला, मग फुटला, चप्पल भिजायला लागली, तेव्हा मुलानं गोंदियाला नेलं. तिथल्या डॉक्टरनं टाच पाहिली, मग मांडीच्या सांध्यात बोटं दाबून पाहिली आणि सरळ नागपूरला पाठवलं.

नागपूरला कळलं की चामडीचा कॅन्सर आहे. त्याला मेलानोमा म्हणतात. हा शब्द मला नीट म्हणता यायला महिना लागला. गोऱ्या लोकांना तो उन्हानं होतो आणि आपल्याकडे बहुतेक तळपायाला किंवा नखाखाली होतो, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. टाच कापली. मांडीची चामडी काढून तिथं लावली. सांध्यातल्या गाठी काढल्या. तेव्हापासून डावा पाय संध्याकाळपर्यंत सुजून पिंपासारखा होतो आणि सकाळी उतरतो. त्याला घट्ट मोजा घालावा लागतो. तो मोजा चढवणं म्हणजे हट्टी वासराला दाव्यानं बांधणं आहे. बांधीत उतरणं तिथंच संपलं. मी शेताच्या धुऱ्यावर बसून परे, म्हणजे धानाची रोपं, मोजायची आणि बायांना रांग वाकडी झाली म्हणून बोलायची. त्यांना मी नकोशी झाले.

मग सलाईन सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी नागपूर. हे केमो नव्हे, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, केस जाणार नाहीत. हे औषध आपल्याच अंगातल्या राखणदारांना जागं करतं. पण जागे झालेले राखणदार कधी कधी घरच्यांनाच मारायला लागतात, म्हणून काहीही झालं तरी सांगायचं. औषध महाग होतं. बाईंनी अर्ज करकरून ते फुकट मिळवून दिलं होतं. त्याच दिवशी त्यांनी तो कागद दिला आणि पहिल्या पानावरच्या ओळी माझ्याकडून वाचून घेतल्या.

नागपूरच्या रेल्वेगाडीत गुरुजी भेटले. ते सालेकशाकडचे, निवृत्त शिक्षक. गाडी त्यांच्याकडून यायची, त्यामुळे ते आधीच बसलेले असायचे आणि माझ्यासाठी शेजारी दुपट्टा टाकून जागा ठेवायचे. त्यांना हाच रोग उजव्या अंगठ्याच्या नखाखाली झाला होता. अंगठा काढला होता. आयुष्यभर खडू धरला तो अंगठा, असं ते एकदाच म्हणाले. आमचं औषध एक, दिवस एक, खुर्च्या शेजारी. मुलगा मला गाडीत बसवून शेतावर परत जायचा आणि गुरुजी मला नेऊन आणायचे.

गुरुजींना काहीच होत नव्हतं. मला सगळंच झालं. पहिल्या सलाईननंतर अंगाला खाज, इतकी की मी खाटेच्या काथ्यावर पाठ घासायची. दुसऱ्यानंतर थायरॉईड बसलं. सकाळी उठले की पुन्हा झोपावंसं वाटायचं आणि बोलायचाही कंटाळा यायचा. तेव्हा जाऊ सुनेला म्हणाली होती, म्हातारी बोलत नाही म्हणजे दुखणं खरं आहे. त्याची गोळी उपाशीपोटी सुरू झाली, ती आता मरेपर्यंत घ्यायची. मग हातावर, मानेवर, डोळ्यांभोवती पांढरे डाग आले. गावात कोड म्हणजे काय ते सांगायला नको. एका लग्नात पंगतीत माझ्या शेजारी बसलेली बाई उठून दुसरीकडे बसली. सुनेनं मला पूर्ण बाह्यांचं पोलकं शिवून आणलं. जाऊ मात्र अंगणातून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "सत्तराव्या वर्षी गोरी झाली आमची बाई. आता पाहुणे येतीन पाहाले." डॉक्टरीणबाईंना डाग दाखवले तर त्या खूश झाल्या. औषध लागू पडतंय असं असू शकतं, म्हणाल्या. खात्री नाही, पण चांगलं लक्षण.

मी हे सगळं बाईंना सांगायची. गुरुजींना ते पटत नव्हतं. एकदा परतीच्या गाडीत त्यांनी मला समजावलं. वॉर्डात एक माणूस होता, त्यानं तक्रार केली आणि त्याचं औषध बंद केलं. अर्जावर मिळालेलं औषध एकदा बंद झालं की परत कोण देणार?

"सगळंच सांगायचं नसते बाई," ते म्हणाले. "थोडं सोसायचं. परीक्षेत पोट दुखते म्हणून कोणी पेपर सोडते का?"

मी मान हलवली. आता वाटतं की त्या वेळी उलट बोलायला हवं होतं. उलट बोलायची मला कधी अडचण पडली नाही. सासूला बोलले, सरपंचाला बोलले, तलाठ्याला त्याच्या खुर्चीत बसलेला असताना बोलले. पण मी चौथीत असताना आमच्या मास्तरांपुढं जशी बसायची तशीच मी त्या गाडीत बसले होते. आमच्या पिढीच्या बायांचं असं आहे. डॉक्टर काय, तो औषध देतो. गुरुजी सांगतात ते खरं असतं. ज्या बाईनं माझ्यासाठी अर्ज केले तिचा कागद मी लुगड्याच्या घडीत ठेवला आणि ज्यांनी खडू धरला त्यांचं ऐकलं.

म्हणून चौथ्या सलाईननंतर पोट बिघडलं तेव्हा मी वास्त्याचं नाव घेतलं.

फोन उचलणाऱ्या नर्सला जावेनं तिच्या भाषेत सगळं सांगितलं, किती वेळा, कसं, रक्त किती. काही चोरलं नाही. नर्सनं लगेच आणा म्हटलं. जाऊ बांधीकडे धावत गेली, मुलगा गुडघाभर चिखलासकट आला आणि गावातल्या जीपमधून मला आधी गोंदियाला आणि तिथून सलाईन लावून नागपूरला नेलं. जाऊ सोबत आली. मागं बायांचं जेवण तसंच पडलं होतं, त्यावरून त्या दिवशी बांधीत भांडण झालं असं नंतर कळलं.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. त्यांनी पोट तपासलं, नळी घालून आतडं पाहिलं आणि मग खाटेजवळ स्टूल घेऊन बसल्या. आतून आतडं सोललेल्या कातडीसारखं झालंय, म्हणाल्या. आणखी दोन दिवस गेले असते तर फुटलं असतं.

"आजी, कागद वाचला नव्हता का?"

"वाचला होता."

"मग?"

"औषध बंद कराल म्हणून."

"बंद तर करावंच लागेल आता," त्या म्हणाल्या. "आधी कळलं असतं तर कदाचित थोडं थांबून पुन्हा देता आलं असतं."

म्हणजे ज्याच्या भीतीनं लपवलं तेच लपवल्यामुळं झालं. यावर रडण्यासारखं काही नव्हतं. चूक माझी होती.

स्टेरॉईड सुरू केलं. चौथ्या दिवशी रक्त थांबलं. पण त्या औषधानं माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं, साखर वाढली आणि भूक अशी लागायची की शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या डब्याकडे माझी नजर जायची. राग तर इतका की मी जेवण आणणाऱ्या माणसाला वरणात डाळ दाखव म्हणून अडवून धरलं. जाऊ म्हणाली, "याले औषध नाही लागत बाई, हे तर तुमचं पहिल्यापासून आहे." वॉर्डातल्या बाया हसल्या. बारा दिवस ती माझ्या खाटेखाली चटई टाकून झोपली. घरी तिची रोवणी दुसऱ्यांनी केली. मी तिला त्याबद्दल काही म्हटलं नाही आणि तिनंही वाट पाहिली नाही. फक्त वास्त्याचं मी गावात जाऊन खोटं होतं म्हणून सांगावं, एवढं तिनं कबूल करून घेतलं. घरी गेल्यावर मी ते सांगितलं. पाण्याच्या टाकीजवळ, चार बायांत. मला ते आतड्याच्या नळीपेक्षा जड गेलं.

मी भरती असतानाच गुरुजींचा सलाईनचा दिवस आला. ते संपवून मला भेटायला वर आले. आमचा वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर. हातात पिशवी, तिच्यात माझ्यासाठी मुरमुरे. दारातच ते थांबले, भिंतीला हात टेकवला. मग येऊन स्टुलावर बसले. बराच वेळ नुसते श्वास घेत होते. मग खोकले. कोरडा खोकला, दुपट्ट्यात तोंड घालून. हा खोकला मी मागच्या गाडीतही ऐकला होता, पण तेव्हा तो असा नव्हता.

माझं औषध बंद झालं हे त्यांना सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि मान हलवली, पोरगं नापास झाल्यावर हलवावी तशी.

मी विचारलं, हा खोकला डॉक्टरीणबाईंना सांगितला का?

"धूळ आहे," ते म्हणाले. "गाडीत खिडकीजवळ बसतो ना."

खोकल्याची ओळही त्या कागदावर होती. दम लागणे, कोरडा खोकला, त्याच दिवशी फोन. मला ती पाठ झाली होती. मी तसं म्हणाले. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं, वर्गात ठेवतात तसं. अंगठा नसलेला हात होता तो.

आणि मी गप्प बसले.

नर्स दहा पावलांवर होती. डॉक्टरीणबाई त्याच दिवशी दुपारी फेरीला आल्या, पोट कसं आहे विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का विचारलं. मी नाही म्हणाले. जाऊ खाली चहा आणायला गेली होती. ती असती तर तिनं तिथंच ओरडून सांगितलं असतं. तिला शाळा ठाऊक नाही, तिला गुरुजी म्हणजे एक म्हातारा माणूस.

जाताना ते जिना उतरून गेले की लिफ्टनं, ते मी पाहिलं नाही.

पोळ्यानंतर मी तपासणीला गेले. पोट बांधलं होतं, तोंडाची सूज अर्धी उतरली होती. गाडी आली. नेहमीच्या डब्यात नेहमीच्या जागी दुपट्टा नव्हता. मी उभी राहिले, मग एका पोरीनं उठून जागा दिली. दवाखान्यात सलाईनच्या खोलीत त्यांच्या खुर्चीवर दुसरं माणूस होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधी माझी फोटोची फिल्म दाखवली. कुठं काही दिसत नव्हतं. पुन्हा तीन महिन्यांनी पाहू, म्हणाल्या. मग मी गुरुजींचं विचारलं. त्यांनी फिल्म पाकिटात घातली आणि सांगितलं. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात गेले. रोगानं नाही. औषधानं फुप्फुसं सुजली होती, तुमच्या आतड्यासारखीच. आणलं तेव्हा उशीर झाला होता. लवकर आणलं असतं तर बहुतेक गोळ्यांनी उतरलं असतं.

"आजी, तुम्ही सोबत येत होतात. तुम्हाला काही बोलले होते का?"

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

त्यांनी पुढं विचारलं नाही. मी सांगितलं. गाडीतला सल्ला, खोकला, बोट, सगळं. त्यांनी काही लिहून घेतलं आणि म्हणाल्या, आता मी प्रत्येकाच्या घरच्यालाही कागद देते आणि सोबत येणाऱ्यालाही. मग दुसऱ्या पेशंटला हाक मारली. रांग मोठी होती.

घरी आल्यावर मी हे जावेला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमाले तर मी होती. त्याईले कोन होतं?" मग सूप झटकलं.

त्यानंतर तीन रोवण्या झाल्या. पाय रोज सुजतो. थायरॉईडची गोळी रोज घेते. डाग आता कोपरापर्यंत आहेत आणि भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. वास्ते मी आता खात नाही, आतडं मानत नाही. तो कागद भिंतीला लावला आहे, जावेच्या भिंतीला, कारण माझ्यावर तिचा भरवसा नाही. गेल्या महिन्यातली फिल्मही स्वच्छ आली.

एका गाडीनं आम्ही दोघं जात होतो, एकच औषध घेत होतो. गुरुजी गेले. मी आहे.